मैदानाबाहेरचा भोंगा

माझ्या दादाला डेपोत सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला राग येत नाही, उलट कॉलर ताठ होते. मी त्याची धाकटी बहीण. पंचेचाळीस वर्षं हा भोंगा ऐकत आलेय, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाला नाही. आणि मला बोलायचंच आहे, कारण गेला आठवडाभर माझं डोकं तापलेलं आहे आणि घरात ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नाही.

आधी त्याचं काम सांगते. तो बसच्या मागे उभा राहून ओरडतो. कागदावर त्याचा हुद्दा काहीतरी भारदस्त आहे, पण काम एवढंच. आमचा बस डेपो फार जुना, बस आखूड होत्या तेव्हा बांधलेला. पुढे बस लांब झाल्या, जागा होती तेवढीच राहिली. आता साठ गाड्या एकमेकींना खेटून, मध्ये वीतभर फट ठेवून, मागे घेत घेत लावाव्या लागतात. दादा मागे उभा राहतो, एक हात वर करतो आणि सुरू होतो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडे मार... अजून... सरळ कर... येऊ दे, येऊ दे... बास!" आणि बसच्या पाठीवर एक दणदणीत थाप. तेवीस वर्षांत त्याच्या आवाजावर लावलेल्या एकाही गाडीला ओरखडा गेलेला नाही. ड्रायव्हर लोकांनी आरशात बघायचंही सोडून दिलंय. एक जण तर मला अभिमानानं सांगत होता, "ताई, भोंगा मागे असला की मी डोळे मिटून घेतो." 

लहानपणी मला सायकलही आपणच शिकवली असं तो सांगतो. शिकवली म्हणजे काय, तर मागून पळत ओरडत होता. "समोर बघ! हँडल धर! घट्ट नको! पायडल मार! ब्रेक! आत्ता नको गं ब्रेक!" मी दहा मिनिटांत तीनदा पडले आणि कोपर सोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर मी सायकल काढली, गोदामामागच्या बोळात नेली आणि तीन दिवसांत एकटीनं शिकले. हे त्याला आजतागायत पटलेलं नाही. "पाया मी घातला होता," म्हणतो.

असा माणूस फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. डेपोच्या मागे एक मैदान आहे, अर्धी माती आणि अर्धी खडी. सात-आठ वर्षांपूर्वी डेपोतल्या लोकांच्या मुली तिथे बॉल लाथाडायला लागल्या आणि दादानं त्यांचा संघ बांधला. तो स्वतः काही मोठा खेळाडू नव्हता. डेपोच्या संघात राखीव गोलकीपर म्हणून चार वर्षं बाकावर बसला आणि एकदाही आत गेला नाही. पण बाकावर बसून बसून त्याच्या मनानं घेतलं की खेळ खरा दिसतो तो बाकावरूनच. आतल्याला काय दिसणार, त्याच्या डोळ्यांपुढे तर धूळ!

आता तो वाईट माणूस आहे असं कुणाला वाटायला नको. पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, फाटलेली जाळी स्वतः शिवतो, कुणाचा बाप मुलीला खेळायला पाठवत नसेल तर त्याच्या दारात जाऊन तास तास बसतो. एकदा एका मुलीचा पाय मुरगळला तर तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेला. त्याच्या पिशवीत कायम पट्ट्या, मलम आणि केसांचे रबरबँड असतात. मन सोन्याचं आहे हो. त्या मनाला तोंड नसतं तर बरं झालं असतं.

मॅच सुरू झाली की तो बाकावर बसत नाही. बाकापुढच्या रेघेच्या कडेनं इकडून तिकडे पळतो, खेळणाऱ्या मुलींपेक्षा जास्त पळतो. "सोड! आता सोड! अगं डावीकडे, तुझ्या डावीकडे! मागे ये! मागे नको, पुढे! मार! का मारलास?" नव्वद मिनिटं श्वास न घेता. माझ्या कानठळ्या बसतात, मग त्या मुलींचं काय होत असेल? समोरच्या संघांना तर आयतंच फावतं. दादा "उजवीकडे दे" म्हणाला की बॉल पोचायच्या आत त्यांची पोरगी उजवीकडे हजर. गोदीवाल्यांच्या संघाचा एक म्हातारा प्रशिक्षक आहे, घडीची खुर्ची घेऊन येतो आणि हाताची घडी घालून बसतो. हाफटाइमपर्यंत ब्र काढत नाही. दादा त्याच्याकडे बघून मला म्हणतो, "हा इथे येतो कशाला? झोप काढायला?" या झोपाळू म्हाताऱ्यानं दादाच्या संघाला ओळीनं पाच वर्षं हरवलंय.

मी त्याला कानीकपाळी ओरडून सांगितलं. "दादा, हे उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर." मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते. तिथला एक रोजचा प्रकार त्याला सांगितला. आई पोराला घेऊन येते. मी पोराच्या डोळ्यांवर भिंग ठेवते आणि विचारते, आता स्पष्ट दिसतं का मघाशी दिसत होतं? पोरगं तोंड उघडायच्या आत आई म्हणते, "मघाशी." आता हिला काय ठाऊक त्याला काय दिसतंय? दादा हे ऐकून खूप हसला आणि म्हणाला, "आई आहे ती. तिला ठाऊक असतंच." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

इतकी वर्षं हे हसण्यावारी गेलं असतं. पण या संघात त्याची स्वतःची मुलगी खेळते. एकुलती एक. घरात तिला आम्ही बारकी म्हणतो, वय सतरा. आणि तिच्या पायात काय आहे हे मी एकदा माझ्या गॅलरीतून पाहिलंय. खाली चौकात ती चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर खेळत होती. दादा कामावर होता. बॉल तिच्या पायाला जणू चिकटलेला. एकाला गुंगारा दिला, दुसऱ्याच्या पायांमधून काढला, मध्येच थांबली, सगळे पुढे धावत गेले आणि ही मागे एकटी खो खो हसतेय. मी कपडे वाळत घालायचे विसरले. हीच पोरगी मॅचमध्ये एखाद्या गुणी विद्यार्थिनीसारखी वागते. सांगितलं की पास, सांगितलं की शॉट. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, या दोन वेगळ्या मुली आहेत." वहिनी इस्त्री करत होती. म्हणाली, "मी म्हणून मैदानावर जातच नाही. मला घरात पुरेसं ऐकू येतं."

या वर्षी प्रांताच्या मुलींच्या संघाची निवड होती, अठरा वर्षांखालची. निवड झाली असती तर वर्षभर वसतिगृहात राहून खरं प्रशिक्षण, खऱ्या मैदानावर, आणि पुढचे रस्ते मोकळे. बारकीनं दोन वर्षं याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पहिल्या चाचणीला दादा अर्थातच रेघेवर होता. बारकीनं एक गोल केला. यादी लागली, नाव नाही. दादा तडक रेफ्रीशी भांडायला गेला, म्हणून मी उलट्या दिशेनं निवड समितीच्या बाईंकडे गेले. कडक बाई. पांढरे कापलेले केस, गळ्यात शिट्टी, मांडीवर वही.

"निळे मोजे ना? तुमची कोण?"

"भाची."

"पाय फार चांगले आहेत पोरीचे. मान वाईट आहे."

मला वाटलं काही दुखणं बिखणं सांगतायत. "मान?"

"बॉल पायाशी आला की मान बाकाकडे वळते. आधी तिकडे बघते, मग खेळते. पहिल्या हाफमध्ये एकतीस वेळा. मी मोजलंय." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. खरंच बारीक बारीक रेघांच्या ओळी होत्या. "तेवढ्यात समोरची येऊन बॉल घेऊन जाते. मला पोरगी निवडायचीय बाई, तिच्या बापाचा आवाज नाही. पुढच्या महिन्यात अजून एक चाचणी आहे, शेवटची. ती मान तेवढी सरळ करून आणा."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. दादा उसळला. "बाकाकडे बघते कारण तिला शिस्त आहे! त्या बाईला शिस्त कशाशी खातात ठाऊक नाही!" बारकी कोपऱ्यात बसून बुटांची माती काढत होती.  आमच्या घरात दादा बोलत असताना दुसऱ्याला संधी मिळते कुठे?

पुढच्या रविवारी मी हट्टानं त्याच्या शेजारी उभी राहिले. ठरवलंच होतं की आज याच्या डोळ्यांत अंजन घालायचं. बारकीकडे बॉल आला, मान वळली, मी दादाच्या बरगडीत कोपर मारलं. "बघ, बघितलं." परत बॉल आला, परत मान, परत कोपर. "हे बघ. दुसऱ्यांदा." आठ-नऊ वेळा झालं असेल. मग त्याचं ओरडणं हळूहळू मंदावलं आणि एकाएकी थांबलं. त्याला दिसलं होतं. आणि मग जे झालं ते मीही कधी पाहिलं नव्हतं. आवाज बंद झाल्याबरोबर एकटी बारकीच नाही, अकराच्या अकरा मुली थबकल्या आणि अकरा माना बाकाकडे वळल्या. गोलकीपरसकट! समोरच्या मुलींनी बॉल घेतला आणि शांतपणे गोलात नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. गॅलरीत बसून मला म्हणाला, "मला वाटायचं त्या माझं ऐकतात. त्या तर माझ्यासाठी थांबतात गं." मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून अशी समजूतदार गोष्ट ऐकली. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सरावाच्या वेळी तोंडात रुमाल कोंबायला सुरुवात केली. थट्टा नाही करत, खरोखरच रुमाल. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं टिकला. दुसऱ्या दिवशी चौदा. रुमालातून हुंकार यायचे, हात हवेत फिरायचे, चेहरा लालबुंद व्हायचा, पण शब्द नाही. आणि त्याच आठवड्यात त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की गाठी यायला लागल्यात, आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कामावर जायचं नाही, मैदानावर तर फिरकायचंही नाही. वहिनीनं डॉक्टरांना "अजून थोडे दिवस नाही का लिहून देता येणार?" असं विचारलं, तेही अगदी गंभीरपणे.

घरात त्यानं पाटी घेतली. पाटीवरही तो ओरडायचाच. मोठ्ठी अक्षरं आणि पुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. "पंखा!!!" "पाणी!!!" वहिनी न वाचताच पाटी पुसून परत द्यायची.

ते आठ दिवस मी दुकानातून लवकर निघून मैदानावर जायचे. पहिले दोन दिवस मुली नुसत्या गोंधळलेल्या होत्या. माना वळायच्या, बाकावर मी बसलेली दिसायचे, आणि मला फुटबॉलमधलं काय कळतं? मी टाळ्या वाजवायचे. तिसऱ्या दिवशी बचावातली एक उंच मुलगी एकदम ओरडली, "बारके, मागे आहे!" बारकीनं न बघता बॉल मागे सोडला. मग दुसरी ओरडली. मग सगळ्याच एकमेकींशी बोलायला लागल्या. चौथ्या दिवशी बारकीनं चौकात केला होता तसा एकीला गुंगारा दिला आणि थांबून हसली. मैदानावर हसली! मी मोजत होते. त्या दिवशी मान सहा वेळा वळली. पाचव्या दिवशी चार वेळा. चाचणीला अजून अडीच आठवडे होते. मला घाईघाईनं त्या कडक बाईंना फोन करून सांगावंसं वाटत होतं.

आणि सहाव्या दिवशी डेपोत बस भिंतीत घुसली.

अठरा वर्षं नोकरी झालेला ड्रायव्हर, दारू-बिरू काही नाही, भर दुपार, लख्ख ऊन. गाडी मागे घेत घेत गेला, गेला, आणि तिकीटघराची मागची भिंत पाडून अर्धा आत. नशीब, आत कुणी नव्हतं. साहेबांनी विचारलं, "आरशात भिंत दिसली नाही?" तो म्हणाला, "दिसली ना साहेब." "मग थांबला का नाहीस?" त्यावर तो जे म्हणाला ते आता सगळ्या डेपोत पाठ आहे. "कुणी 'बास' म्हटलंच नाही, साहेब."

मला हे कळलं तेव्हा मी दुकानात कपाळाला हात लावून बसले. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा होता? तेवीस वर्षं एका माणसानं दुसऱ्यांचे डोळे आपल्याकडे ठेवून घेतले की काय होतं, हे भिंतीच्या भगदाडातून दिसत होतं. मी तडक दादाकडे गेले. तर डेपोचे साहेब स्वतः फळांची टोपली घेऊन आलेले, खुर्चीत बसून सांगत होते, "तुमच्याशिवाय डेपो चालत नाही हो, हेच सिद्ध झालं." दादाचा चेहरा उजळला होता. साहेब गेल्याबरोबर त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, "बघ!!! मी नव्हतो!!!"

मी म्हटलं, "अरे तेच तर! तू नव्हतास म्हणून त्यानं भिंत पाडली, म्हणजे तू त्याला आंधळं करून ठेवलंयस!"

त्यानं पाटी पुसून परत लिहिलं, "मी असतो तर पाडली नसती!!!"

 दोघांचंही खरं होतं, आणि त्याचं खरं साहेबांनी फळांसकट मान्य केलं होतं. मी पाटी घेऊन भिंतीवर आपटली. फुटली. वहिनी आतून म्हणाली, "बरं झालं."

नवव्या दिवशी भोंगा मैदानावर परतला, दुप्पट जोमानं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "आठ दिवस तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं, सगळी घडी विस्कटलीय," असं म्हणून त्यानं मुलींना ओळीत उभं केलं. उंच मुलगी एकदा "मागे आहे" म्हणून ओरडली तर तिच्यावरच खेकसला, "तू ओरडू नकोस, गोंधळ होतो. ओरडायला मी आहे." मी बाकावरून उठून चालती झाले. तिथे थांबले असते तर त्याच्या पिशवीतल्या पट्ट्या त्यालाच लागल्या असत्या.

चाचणीच्या चार दिवस आधी बारकीनं जेवताना ताटात बघत बघत सांगितलं, "बाबा, तुम्ही शनिवारी येऊ नका."

वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. दादानं आधी माझ्याकडे एक नजर टाकली, जणू हे मीच पढवलं होतं. मी पढवलेलं नव्हतं. मला तेवढं सुचलं असतं तर आधीच पढवलं असतं.

"का?" त्यानं विचारलं. घसा अजून खरखरत होता.

"मला एकदा खेळून बघायचंय."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं आता स्फोट होणार. पण तो म्हणाला, "बरं. शनिवारी मी ड्यूटी मागून घेतो." आणि त्यानं ती खरंच मागून घेतली. शब्द दिला की मोडणारा माणूस नाही तो. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून परत राग आला. हे आधी सुचलं असतं तर?

शनिवारी बारकीबरोबर मी गेले. बघणाऱ्यांना कुंपणाच्या बाहेर, एका टोकाला उभं केलं होतं. बाकावर कुणी नाही, नुसत्या मुलींच्या पिशव्या. कडक बाई वही घेऊन मध्यावर. पहिल्या हाफमध्ये बारकी कशी खेळली हे मला सांगता यायचं नाही, मी फुटबॉलवर लिहिणारी बाई नाही. एवढंच सांगते की शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस आपल्या मुलीला बघायचं सोडून तिला बघत होता. मान फारशी वळत नव्हती. मी मोजत होते, दोन बोटांवर मावली. एक गोल तिनं दुसरीला करून दिला आणि परत धावताना तिच्या चेहऱ्यावर ते चौकातलं हसू होतं. मी कुंपणाची जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले.

दुसऱ्या हाफमध्ये मुली दमल्या. बारकीही दमली. दमलं की माणूस जुन्या सवयीकडे जातो, आणि तिची मान परत वळायला लागली. कडक बाईंची पेन्सिल हलली की मी टाचा उंचावून तिकडे बघायचे. शेवटची चार-पाच मिनिटं उरली असतील. कुठूनतरी लांब बॉल आला, समोरच्या दोघी एकमेकींवर आदळून पडल्या आणि बॉल बारकीच्या पायाशी. पुढे फक्त गोलकीपर, तीही पुढे येऊन गडबडलेली. अख्खा गोल उघडा. मला, चष्म्याच्या दुकानात काम करणारीला, दिसत होतं की आता फक्त मारायचा आहे.

ती थांबली. बॉलवर पाय ठेवला आणि तिनं बाकाकडे पाहिलं.

मी ओरडले. हो, मीच. इतकी वर्षं दादाला शिव्या घालणारी मी, जाळीला तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडले, "मार! अगं मार ना!" माझा आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचायचा कुठला? गोलकीपर सावरली, आली आणि तिच्या पायाखालून बॉल काढून घेऊन गेली. कडक बाईंनी वही मिटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि यादी लागली तेव्हा मला ती वाचायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी तीनदा वाचली.

आम्ही दोघी घरी आलो. दादा आमच्या आधी ड्यूटीवरून येऊन दारातच उभा होता, अंगावर डेपोचाच गणवेश. आमचे चेहरे बघून त्याला कळलं. तरी त्यानं विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं," बारकी म्हणाली. ती पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "चांगलं चाललं होतं. शेवटी बॉल मिळाला होता बाबा. पुढे कुणीच नव्हतं. मी मारला नाही."

दादानं दिवसभर स्वतःला आवरलं होतं. दिलेला शब्द पाळला होता. आता त्याला आवरेना. डोळ्यांत पाणी होतं आणि बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून तो म्हणाला, "अगं मारायचा ना! एकटी होतीस तर मारायचा! मी तिथे असतो तर वेळेवर ओरडलो असतो, 'मार' म्हणून!"

"माहीत आहे," बारकी म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हेच मला सहन झालं नाही. तिनं दुसऱ्या बुटाची गाठ सोडवली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी त्याचीच वाट बघत थांबले होते, बाबा."